निवड न झालेल्या मुलाची बाजू

(शिक्षक, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिष्यवृत्ती परीक्षेचा किंवा नवोदय विद्यालयाच्या निवड चाचणीचा निकाल लागला, की गावात आनंदाचे वातावरण पसरते. निवड झालेल्या मुलाला गुलाल लागतो, शाळेच्या फलकावर त्याचे नाव रंगीत खडूने लिहिले जाते आणि ग्रामसभेत त्याच्या आईवडिलांचा श्रीफळ देऊन गौरव होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच परीक्षेला, शेजारच्याच बाकावर बसलेल्या ज्या मुलांची निवड झाली नाही, त्यांची यादी कोठेच लागत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत हा निकाल त्या वर्षीच्या स्पर्धेचे रास्त फलित असतो. काहींच्या बाबतीत मात्र अर्जातील एक चुकीची नोंद, उत्तरसूचीतील एक सदोष उत्तर किंवा मुदतीत न पोहोचलेला एक दाखला एवढेच कारण असते. हे कारण शोधावयाचे कोणी, दाद मागावयाची कोठे आणि केव्हा, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. दाद मागणारा पालक म्हणजे तक्रारखोर मनुष्य, अशी एक समजूत कार्यालयांत आणि कधी कधी शाळांतही आढळते. उलट बाजूने, दाद मागणे म्हणजे कोणा वजनदार व्यक्तीची चिठ्ठी मिळविणे, अशी पालकांचीही समजूत असते. या दोन्ही समजुती एकाच अज्ञानातून जन्माला येतात. अपील म्हणजे नोंद तपासून पाहण्याची रीतसर विनंती. ती ज्याला करता येते त्याच्या मुलाची चूक दुरुस्त होते. ज्याला ती ठाऊकच नसते, त्याच्या मुलाच्या वाट्याला आलेली चूक मात्र कायमची त्याच्याच नावावर जमा राहते.

चाचणीचा मूळ हेतू

बुद्धीची चाचणी घेण्याच्या आधुनिक पद्धतीचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसच्या शाळांतील मुलांसाठी पहिली चाचणी तयार केली. तिचा हेतू मुलांची क्रमवारी लावणे हा नव्हता. नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या साहाय्याची गरज असलेल्या मुलांना ओळखता यावे, म्हणून ती चाचणी निघाली. बुद्धी म्हणजे जन्मतःच ठरून गेलेली आणि पुढे न बदलणारी राशी आहे, या मताला बिने यांचा स्वतःचाच विरोध होता.

आपल्याकडे या चाचणीचे रूपांतर १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे केले आणि ते कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केले. परक्या घरादारात वाढलेल्या मुलांसाठी बेतलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे त्या कार्याच्या मुळाशी होते. पुढे १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि बुद्धिमान मुलांच्या विकासाचा स्वतंत्र विचार महाराष्ट्रात रुजला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या काळात, १९८५-८६ मध्ये, नवोदय विद्यालयांची योजना सुरू झाली. देशातील पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे, तर दुसरे आपल्या अमरावती येथे निघाले. ग्रामीण भागातील हुशार मुलाला, घरच्या परिस्थितीचा अडसर न येता, उत्तम निवासी शिक्षण मिळावे हा या योजनेचा गाभा आहे. म्हणूनच जिल्ह्यातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि एकूण जागांपैकी किमान एकतृतीयांश जागा मुलींना मिळतात.

इतिहासाचा हा धागा सांगण्याचे प्रयोजन एवढेच, की निवड चाचणी ही साहाय्य पोहोचविण्यासाठी निघालेली साधनवस्तू आहे. साहाय्य योग्य मुलापर्यंत पोहोचले की नाही हे पडताळून पाहणे हा त्या साधनाच्या वापराचाच एक भाग ठरतो.

चूक कोठे होते?

अशा परीक्षांत होणाऱ्या चुका साधारणतः चार प्रकारच्या असतात. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या, तरच दाद योग्य ठिकाणी मागता येते.

पहिला प्रकार नोंदीतील चुकीचा. मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, परीक्षेचे माध्यम, दिव्यांगत्व आणि ग्रामीण अथवा शहरी क्षेत्र या नोंदी अर्जात भरल्या जातात. नवोदयच्या नियमानुसार ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातील शाळेतच पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. या काळात एक दिवस जरी तो शहरी भागातील शाळेच्या पटावर असला, तरी त्याची गणना शहरी उमेदवारांत होते. आपल्याकडील अनेक तालुक्यांच्या मुख्य गावांना गेल्या काही वर्षांत नगरपंचायतीचा दर्जा मिळाला आहे. तेव्हा गाव तेच, शाळा तीच, परंतु अर्जातील क्षेत्र बदललेले, अशी अवस्था होऊ शकते. मुख्याध्यापकांनी सवयीने ‘ग्रामीण’ असे लिहून दिले आणि पुढे कागदपत्रांच्या तपासणीत ते टिकले नाही, तर निवड झालेल्या मुलाचाही प्रवेश रद्द होतो. याच्या उलट चूक झाली, तर ग्रामीण मूल शहरी स्पर्धेत ढकलले जाते आणि हातची जागा गमावते.

दुसरा प्रकार उत्तरसूचीतील चुकीचा. प्रश्न संदिग्ध असणे, दोन पर्याय बरोबर ठरणे, भाषांतरात अर्थ बदलणे, छपाईत आकृती चुकणे, हे कितीही काळजी घेतली तरी अधूनमधून घडते.

तिसरा प्रकार उत्तरपत्रिकेच्या तपासणीचा. आता उत्तरपत्रिका यंत्राने वाचल्या जातात. दहा वर्षांच्या मुलाने अर्धवट रंगविलेले वर्तुळ, खाडाखोड केलेले वर्तुळ, चुकलेला आसन क्रमांक यांमुळे यंत्राने वाचलेले आणि मुलाने मनात योजिलेले यांत अंतर पडते. यातील काही चुका दुरुस्त होण्याजोग्या असतात, काही नसतात.

चौथा प्रकार चाचणीच्या स्वतःच्या मर्यादेचा. नवोदयची चाचणी दोन तासांची, ८० प्रश्नांची व १०० गुणांची असते. त्यातील निम्मे गुण मानसिक क्षमतेला आणि उरलेले अंकगणित व भाषा यांना समान वाटलेले असतात. त्या दोन तासांत मुलाला ताप असेल, आदल्या रात्री त्याने एस.टी.चा लांबचा प्रवास केला असेल, त्या नमुन्याचे प्रश्न त्याने प्रथमच पाहिले असतील, तर गुण कमी पडतील. ही चूक कोणाचीही नाही. तिच्याविरुद्ध अपील नसते आणि असूही शकत नाही. तिच्यावर उपाय निराळा आहे. त्याकडे मी शेवटी वळेन.

दाद मागण्याचे टप्पे

उत्तम दाद ती, जी परीक्षेपूर्वीच मागितली जाते. नवोदयच्या अर्जाची मुदत संपल्यानंतर थोड्या दिवसांसाठी दुरुस्तीची संधी दिली जाते. त्या काळात लिंग, प्रवर्ग, क्षेत्र, दिव्यांगत्व आणि परीक्षेचे माध्यम या बाबी सुधारता येतात. हे दिवस फार थोडे असतात. म्हणून अर्ज भरल्याबरोबर त्याची छापील प्रत काढून ती पालकांना वाचून दाखवावी आणि प्रत्येक नोंद शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीशी ताडून पाहावी. ज्या शाळेत एवढे घडते, त्या शाळेत पुढे अपिलाची वेळ क्वचितच येते.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बाबतीत महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने ठरविलेली पद्धत अधिक विस्तृत आहे. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, एकूण ३०० गुणांची ही परीक्षा. परीक्षेनंतर परिषद प्रथम अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते. तिच्यावर पालकांना व शाळांना ठरावीक मुदतीत आक्षेप नोंदविता येतात. आक्षेपांचा विचार होऊन अंतिम उत्तरसूची निघते. नंतर अंतरिम निकाल लागतो आणि गुणपडताळणीसाठी अर्ज मागविले जातात. त्यानंतरच अंतिम निकाल व गुणवत्ता याद्या जाहीर होतात. म्हणजे दोन दारे उघडी असतात: एक उत्तरसूचीवरील आक्षेपाचे, दुसरे गुणपडताळणीचे. पहिले दार बंद झाल्यावर दुसऱ्या दाराशी उत्तरसूचीची तक्रार घेऊन गेल्यास ती ऐकली जात नाही. बहुतेक पालक निकाल लागल्यावर जागे होतात आणि तोपर्यंत पहिले दार केव्हाच लागलेले असते. याची जाणीव शिक्षकाने त्यांना परीक्षेच्या दिवशीच करून द्यावी.

नवोदयच्या माहितीपत्रकात मात्र फेरतपासणीची किंवा गुणांच्या फेरमोजणीची तरतूद ठेवलेली नाही. निकालाचे काम संगणकावर व अनेक पडताळण्यांनंतर होते, अशी त्यामागील भूमिका आहे. यामुळे तेथे नोंदीची आधीच दुरुस्ती करून घेणे हाच खरा मार्ग उरतो. त्याशिवाय प्रतीक्षा यादीकडे लक्ष ठेवणेही आवश्यक असते. निवड झालेल्या मुलांपैकी काहीजण प्रवेश घेत नाहीत, काहींची कागदपत्रे अपुरी ठरतात. अशा रिकाम्या जागा प्रतीक्षा यादीतून भरल्या जातात. बोलावणे आले आणि दाखले तयार नाहीत, या एका कारणाने ही संधी कोणाच्या हातून जाऊ नये.

यापलीकडे माहितीच्या अधिकाराचा अधिनियम, २००५ हा सर्वांसाठी आहे. साध्या कागदावर, दहा रुपये शुल्क भरून, मराठीत अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही लागत नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील व त्यानंतर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मुलाच्या उत्तरपत्रिकेची प्रत, त्याच्या प्रवर्गातील शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण, अर्जात नोंदलेले क्षेत्र, अशी नेमकी माहिती मागावी. उत्तरपत्रिका ठरावीक काळच जतन केल्या जातात, म्हणून विलंब करू नये.

न्यायालयांनी काय म्हटले?

या विषयातील कायद्याचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातच घडला. आपल्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांनी उत्तरपत्रिका पाहण्यास व तिचे पुनर्मूल्यांकन मागण्यास बंदी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १९८४ साली परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे नियम वैध ठरविले. परीक्षांचा पसारा मोठा असतो, निकालाला कोठेतरी अंतिमता हवी, असा त्यामागील विचार होता.

त्याच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये, कानपूर विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे उत्तरसूचीतील काही उत्तरे मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकांशी विसंगत होती. उत्तरसूची बरोबर आहे असेच गृहीत धरले जाईल, परंतु ती चुकीची असल्याचे स्पष्टपणे दाखवून दिले तर चुकीच्या सूचीची शिक्षा विद्यार्थ्याला देता येणार नाही, असे न्यायालयाने त्या वेळी ठरविले. आक्षेप कसा असावा याचा धडा या निकालात आहे. ‘माझ्या मुलाचे उत्तर बरोबर वाटते’ एवढ्याने भागत नाही; पाठ्यपुस्तकाचे पृष्ठ समोर ठेवावे लागते.

पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत मिळविण्याचा अधिकार मान्य केला. मात्र उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा अधिकार नव्हे, हेही त्यातून स्पष्ट झाले. सारांश असा, की चूक पाहण्याचे दार कायद्याने उघडले आहे. ती दुरुस्त होणे हे त्या त्या परीक्षेच्या नियमांवर आणि आपल्या पुराव्याच्या स्पष्टतेवर अवलंबून राहते.

अर्ज कसा लिहावा?

आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पालकासाठी असा अर्ज लिहून देण्याचा प्रसंग येईल. म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो.

अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात एकच मागणी असावी. मुलाचे नाव, शाळा, आसन क्रमांक, परीक्षेचे वर्ष ही माहिती आरंभी द्यावी. नंतर आक्षेप नेमक्या शब्दांत मांडावा. उदाहरणार्थ: ‘पेपर दुसरा, संच अमुक, प्रश्न क्रमांक अमुक. अंतरिम उत्तरसूचीत पर्याय तिसरा बरोबर दर्शविला आहे. इयत्तेच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकातील अमुक पृष्ठावरील नियमानुसार पर्याय दुसरा बरोबर ठरतो. पृष्ठाची प्रत सोबत जोडली आहे. उत्तरसूचीत दुरुस्ती व्हावी, ही विनंती.’ एवढा मजकूर पुरेसा आहे. मुलगा फार हुशार आहे, तो रडून जेवला नाही, वडील गरीब आहेत, शेजारच्या मुलाची निवड झाली, ही वाक्ये कितीही खरी असली तरी त्यांनी अर्जाचे बळ वाढत नाही. अर्ज वाचणाऱ्या लिपिकाला किंवा अधिकाऱ्याला तपासता येईल अशी एकच बाब त्याच्यासमोर ठेवावी. अर्ज दिल्याची पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी आणि प्रत शाळेतही ठेवावी.

शिफारसपत्र जोडण्याचा मोह टाळावा. जागा ठरावीक असतात. एक नाव यादीत वर गेले, तर कोणाचे तरी नाव खाली येते. ते दुसरे मूलही कोणाचे तरी असते आणि त्याच्याजवळ कदाचित शिफारस देणारा कोणी नसतो. पुराव्याने झालेल्या दुरुस्तीमुळे यादी अधिक न्याय्य होते. वशिल्याने झालेला बदल मात्र अन्यायाची जागा फक्त बदलतो. अपिलाची ही नैतिक बाजू आपण पालकांना आवर्जून समजावून सांगितली पाहिजे.

आणि अधिकारी मित्रांना एक विनंती. अर्ज अमान्य करावयाचा असेल, तर कारण लिहावे. ‘आपला अर्ज नियमात बसत नाही’ या एका ओळीने पालकाच्या मनात संशय घर करतो. कोणता नियम, कोणती तारीख, कोणती नोंद, हे तीन ओळींत लिहून दिल्यास विरुद्ध निर्णयही माणूस मानतो.

ज्यांच्यासाठी कोणी अर्ज करीत नाही

आता मी या विषयाच्या मर्माकडे येतो. अपिलाचा मार्ग सर्वांना खुला असतो. परंतु त्या मार्गाने सर्वजण जात नाहीत. अमेरिकेतील अनेक ठिकाणच्या शालेय प्रशासनांत, बुद्धिमान मुलांच्या विशेष वर्गासाठी निवड न झाल्यास पालकांना अपील करता येते. बऱ्याच ठिकाणी खासगी मानसशास्त्रज्ञाकडून मुलाची स्वतंत्र चाचणी करून घेऊन तिचा अहवालही जोडता येतो. अशी चाचणी खर्चिक असते. ज्याच्याजवळ पैसा आणि माहिती, त्याच्याच मुलाला दुसरी संधी, असे त्याचे फलित होते.

तेथील फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या शालेय जिल्ह्याने २००५ पासून वेगळा प्रयोग केला. शिक्षक वा पालक शिफारस करतील त्याच मुलाची चाचणी घेण्याऐवजी दुसरीतील सर्व मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यात आली. या प्रयोगाचा डेव्हिड कार्ड व लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडीची पातळी खाली न आणताही गरीब व अल्पसंख्य समाजांतील कितीतरी अधिक मुले विशेष वर्गासाठी पात्र ठरल्याचे त्यांना आढळले. ही मुले आधीही तितकीच हुशार होती. त्यांचे नाव कोणी सुचविलेले नव्हते, एवढेच.

आपल्याकडील चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या परिसरातील कोपीत राहतात. नवोदयची चाचणी हिवाळ्यात होते. नियमानुसार मुलाने ज्या जिल्ह्यातील विद्यालयात प्रवेश हवा, त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असले पाहिजे. मूल आईवडिलांबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि तेथील शाळेच्या पटावर आले, की पात्रतेचाच प्रश्न उपस्थित होतो. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून परीक्षेला बसले, तरी उत्तरसूची निघते, निकाल लागतो, दाखले मागविले जातात, तेव्हा आईवडील उसाच्या फडात असू शकतात. संकेतस्थळ पाहावयाचे कोणी? आक्षेपाची मुदत केव्हा संपते हे त्यांना सांगावयाचे कोणी? या मुलाची निवड झाली नाही, तर त्याचे गुण कमी होते की त्याची नोंद चुकली होती, हेसुद्धा कोणाला कळत नाही. त्याच्या वतीने विचारणारा कोणीच नसतो.

म्हणून माझे असे प्रतिपादन आहे, की ज्या मुलाच्या घरी अर्ज लिहिणारा कोणी नाही, त्याचे पहिले अपीलकर्ते शाळा आणि पंचायत यांनी व्हावे. यासाठी नवे पद नको, निधी नको. शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिलेली आहे आणि तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. या समितीने वर्षातून तीन वेळा हा एक विषय आपल्या सभेपुढे घ्यावा. अर्ज भरल्यानंतर प्रत्येक नोंद ताडून पाहावी. उत्तरसूची निघाल्यावर शिक्षकांनी ती मुलांसमवेत सोडवावी आणि आक्षेप असल्यास शाळेच्या वतीने नोंदवावा. निकालानंतर, निवड न झालेल्या प्रत्येक मुलाच्या गुणांवर नजर टाकून पडताळणीची गरज आहे काय, ते ठरवावे. पंचायतीने मुदतीच्या तारखा आपल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावाव्यात, रहिवासाचा दाखला मागणीच्या दिवशीच द्यावा आणि स्थलांतरित पालकांचे दूरध्वनी क्रमांक शाळेजवळ नोंदवून ठेवावेत. एका दाखल्यासाठी मजुराला फडावरून गावी यावे लागले, तर त्याची मजुरी बुडते. ती बुडेल म्हणून तो येत नाही, आणि मुलाची जागा जाते.

मुलाला काय सांगावे?

सर्व दारे ठोठावून झाल्यावरही बहुतेक वेळा निकाल तोच राहील. अपिलाने चूक दुरुस्त होते, गुण वाढत नाहीत. अशा वेळी दहा वर्षांच्या मुलाला काय सांगावे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील असामान्य बुद्धीच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. सुमारे दीड हजार मुले त्यांनी चाचण्या घेऊन निवडली. ज्यांची चाचणी घेतली गेली परंतु गुण कमी पडल्याने निवड झाली नाही, अशांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. शॉक्ली यांना १९५६ साली ट्रान्झिस्टरवरील कार्यासाठी आणि अल्वारेझ यांना १९६८ साली कणभौतिकीतील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी कोणालाही ते मिळाले नाही. टर्मन हे त्या शास्त्रातील अग्रगण्य अभ्यासक होते आणि त्यांनी काम निष्ठेने केले होते. तरीही चाळणीच्या छिद्रांतून हे दोन दाणे निसटले. चाचणी त्या दिवशीची काही कौशल्ये मोजते. पुढच्या तीस वर्षांचा उद्योग, जिद्द आणि कुतूहल तिला मोजता येत नाही.

मात्र एवढ्या मोठ्या नावांनी मुलाचे समाधान होणार नाही. त्याला जवळची वाट दाखवावी. नवोदयमध्ये नववीच्या रिक्त जागांसाठी स्वतंत्र निवड चाचणी असते. आठवीत असताना तिला बसता येते. शिष्यवृत्तीची परीक्षा प्राथमिक टप्प्यावर हुकली, तर उच्च प्राथमिक टप्प्यावर ती पुन्हा देता येते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठी आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची परीक्षा असते. तिच्यातून नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. मूल पाचवीत एका परीक्षेत मागे राहिले म्हणून शिक्षकाने त्याला पुढच्या परीक्षांच्या यादीतून वगळणे ही खरी नापसंती असते, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणत्याही नियमात नाही. ती आपल्या हातून होऊ नये.

पालकांनाही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दाद मागावयाची ती कार्यालयाकडे, मुलाकडे नव्हे. ‘तू वर्तुळ नीट का भरले नाहीस’ हा प्रश्न महिनाभर घरात घुमत राहिला, तर गमावलेल्या जागेपेक्षा त्याची किंमत मोठी ठरते. अर्ज लिहिताना मूल शेजारी असेल, तर त्याने एवढेच पाहावे, की आपले वडीलधारे शांतपणे, पुरावा जोडून, सभ्य भाषेत आपला हक्क विचारीत आहेत. निकाल बदलो वा न बदलो, नागरिकत्वाचा पहिला पाठ त्याला त्याच दिवशी मिळून जाईल.

मित्रहो, येत्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार आपण अवश्य करा. त्याच सायंकाळी शाळेत अर्धा तास थांबून, ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांची वही उघडा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: नोंद बरोबर होती काय, आक्षेपाला जागा आहे काय, पुढची परीक्षा कोणती. रकाने भरून होईपर्यंत उठू नका. माझे एवढेच सांगणे आहे.